जुन्या एमपीसीचे दमलेले पॅड घरीच कसे दुरुस्त करायचे

एमपीसीसारखा जुना सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्ड केलेले छोटे आवाज बोटांनी पॅड मारून वाजवायचं मशिन, सेकंडहँड घेतला की पॅडचं दुखणं सोबत येतंच. आवाज एक नंबर, स्क्रीन ठीक, फ्लॉपी पण वाचतोय, पण सोळातले चार-पाच पॅड असे की जीव खाऊन दाबावं तेव्हा कुठे किक वाजणार. मग बरेच जण फुल लेव्हलचं बटण चालू करून ठेवतात, म्हणजे कसंही मारलं तरी प्रत्येक हिट १२७ च्या व्हेलॉसिटीने, म्हणजे माराच्या जोराच्या सगळ्यात वरच्या आकड्याने वाजतो, आणि म्हणतात चालतंय की. माझं म्हणणं असं की हे चालणं नाही. पॅड वाजला म्हणजे दुरुस्त झाला असं नसतं, हळू मारल्यावर हळू वाजला आणि जोरात मारल्यावर जोरात वाजला तर तो दुरुस्त झाला. खाली जे काही लिहिलंय ते सगळं ह्या एका गोष्टीसाठी आहे, त्यामुळे "नुसता आवाज आला पाहिजे" एवढंच हवं असेल तर अर्ध्या गोष्टी जास्तीच्या वाटतील, पण करून बघा, फरक बोटांना कळतो.

मी इथे आकाईची एमपीसी २००० आणि २००० एक्सएल डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. एमपीसी २००० आली १९९७ मध्ये, एक्सएल तिच्यानंतर थोड्याच काळात, म्हणजे ह्या मशिन आता पंचवीस वर्षांच्या पुढे गेल्यात. चार बाय चारचे रबरी पॅड ही रचना त्याच्याही आधीची, ड्रम मशिन बनवणारे रॉजर लिन ह्यांनी आकाईसोबत केलेली एमपीसी ६०, १९८८ ची. तेव्हापासून हिपहॉपवाल्यांचा हात त्या सोळा चौकोनांवर बसलाय. हिपहॉपचे बीट बनवणाऱ्या जे डिलाची एमपीसी ३००० आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये, आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या म्युझियममध्ये ठेवलेली आहे. त्याचे ड्रम ऐका, हाय-हॅट कुठे जरा मागे, स्नेअरच्या आधी एक अगदी बारीक घोस्ट नोट, म्हणजे जेमतेम ऐकू येणारा मार. ती घोस्ट नोट दमलेल्या पॅडवर निघतच नाही, कारण तेवढा हलका स्पर्श मशिनला कळतच नाही. म्हणून एवढा खटाटोप.

ऑक्टापॅडवाले पण वाचत असतील म्हणून आधीच सांगतो, ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्टीत जे पॅड असतात त्यातल्या पिझो सेन्सरवाल्या पॅडला खालची टेपची युक्ती लागू होत नाही. पिझोला धक्का लागतो, दाब नाही, आणि तिथे बिघाड असतो तो एकतर खालचा फोम दबलेला किंवा पिझोच्या चकतीवरची सोल्डर केलेली वायर सुटलेली. तो वेगळा विषय.

पॅडच्या आत नक्की काय असतं

हे समजून घेतलं की पुढचं निम्मं काम स्वतःच सुचतं. वर रबर, त्याच्या खाली एक पातळ प्लास्टिकची फिल्म, आणि त्या फिल्मच्या खाली कडक पाया. फिल्म दिसते एक पण ती दोन थरांची असते. एका थरावर कंगव्याचे दात एकमेकांत अडकवावेत तशा बारीक पट्ट्या छापलेल्या, दुसऱ्या थरावर कार्बनची काळी शाई, आणि मध्ये कडेने चिकट गोंदाची किनार, त्यामुळे मधोमध केसाएवढी फट राहते. दाबलं की कार्बन त्या पट्ट्यांना टेकतो, जास्त दाबलं की जास्त जागी टेकतो, आणि रेझिस्टन्स कमी-कमी होत जातो. ह्याला एफएसआर म्हणतात, फोर्स सेन्सिंग रेझिस्टर. न दाबता रेझिस्टन्स मेगाओहमच्या घरात, बऱ्याचदा मीटर काहीच दाखवत नाही, आणि दाबत गेलं की किलोओहममध्ये उतरतो. मशिन हा उतार किती वेगाने आणि किती खोल गेला ते बघून व्हेलॉसिटी ठरवते, आणि पॅड दाबून धरला तर त्याचा दाबही तिला कळत राहतो.

आता ह्यात म्हातारपण कुठे कुठे येतं बघा. रबर दबून दबून त्याची खालची बाजू चपटी होते, म्हणजे फिल्मपर्यंत पोचायलाच जास्त जोर लागतो, हे सगळ्यात कॉमन. कार्बनची शाई मधोमध घासली जाते, हे त्याहून वाईट. फिल्मची शेपटी जिथे बोर्डात शिरते तिथे कॉन्टॅक्ट काळे पडतात, आपल्याकडच्या दमट हवेत, खास करून मुंबई-कोकण पट्ट्यात, हे फारच दिसतं. आणि चौथं म्हणजे पॅनेलचे स्क्रू सैल होऊन सगळंच वर उचललं जातं. ह्यातलं कार्बन झिजणं सोडलं तर बाकी तिन्ही घरी बसून, थोडक्या सामानात नीट होतं.

खोलायच्या आधी

दोन गोष्टी, आणि ह्यात घाई नको. पहिली, मशिनमध्ये जे काही सॅम्पल आणि सिक्वेन्स (वाजवून रेकॉर्ड केलेले ताल) लोड केलेत ते फ्लॉपीवर, झिपवर, कार्डवर, जे असेल त्यावर सेव्ह करा, कारण ह्या मशिनची रॅम पॉवर गेली की रिकामी होते. दुसरी, मागच्या प्लेटवर व्होल्टेज काय लिहिलंय ते बघा. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच मशिन जपान नाहीतर अमेरिकेतून कोणाच्यातरी बॅगेतून आलेल्या असतात, जपानच्या १०० व्होल्टच्या, अमेरिकेच्या १२० च्या, आणि आपल्या भिंतीत २३० आहे. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर न लावता नुसता पिनचा अडॅप्टर लावून खोचलं तर पॅडचा प्रश्नच उरणार नाही. आणि ट्रान्सफॉर्मर पण १०० चा आणि ११० चा वेगळा मिळतो, जपानी मशिनला १०० चाच घ्या.

मग निदान. हा भाग लोक उडवतात आणि मग नको ते पॅड खोलत बसतात. फुल लेव्हल बंद करा, सिक्स्टीन लेव्हल्स (एकच आवाज सोळा पॅडवर सोळा ठरावीक जोरांत वाटणारं बटण) पण बंद करा, आणि एक छोटा स्वच्छ सॅम्पल, रिमशॉट किंवा क्लोज हाय-हॅट, सोळाही पॅडवर तोच लावा. वेगवेगळे आवाज असले की कान फसतो, किक जड वाटते आणि हॅट हलकी. आता प्रत्येक पॅड एकाच जोराने मारायचाय, पण बोटाने एकच जोर सोळा वेळा येत नाही, म्हणून हे करा: जाड कागदाची नळी करा, पेन्सिल सेल आत सैलपणे सरकेल एवढ्या व्यासाची, दहा सेंटिमीटर उंच. सेलच्या सपाट टोकाला मऊ टेपचा एक तुकडा लावा. नळी पॅडच्या मधोमध उभी धरा, सेल वरच्या तोंडाशी आणून सोडून द्या. प्रत्येक वेळी तेच वजन, तीच उंची. सिक्वेन्समध्ये रेकॉर्ड करत जा आणि मग स्टेप एडिटमध्ये जाऊन प्रत्येक नोटची व्हेलॉसिटी वाचा, १ ते १२७ मध्ये आकडा दिसतो. किंवा मिडी आऊट (वाजवलेल्या नोटांची माहिती बाहेर पाठवणारी जोडणी) कॉम्प्युटरला जोडलंत तर तिथे लगेच दिसेल. प्रत्येक पॅडवर सेल पाच-सहा वेळा टाका आणि मधला आकडा कागदावर चार बाय चारच्या चौकटीत लिहा, पॅड १ डावीकडे सगळ्यात खाली, १६ उजवीकडे सगळ्यात वर. सेल उसळून पुन्हा पडला तर दुसरा आकडा धरू नका, पहिला हिट तेवढा घ्या.

ही चौकट फार बोलते. एखादी आख्खी ओळ किंवा आख्खा कोपरा कमी असेल तर दोष बहुतेक स्क्रूचा, शेपटीचा किंवा पाया वाकलेला असण्याचा. मधलेच एक-दोन विखुरलेले पॅड कमी असतील तर रबर नाहीतर शाई. आणि खालच्या ओळीतले दोन-तीन मेले असतील तर आधीच्या मालकाने किक-स्नेअर तिथेच ठेवले होते असं समजा.

अजून एक टेस्ट, मला सगळ्यात आवडणारी. नोट रिपीटचं बटण (पॅड दाबून धरला की तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजवणारं) धरून ठेवा आणि पॅड एका बोटाने अगदी सावकाश दाबत जा. आवाज बारीक सुरू होऊन हळूहळू मोठा होत गेला पाहिजे, आणि सोडताना तसाच उतरला पाहिजे. चढ गुळगुळीत पण उशिरा सुरू होत असेल तर रबर आणि फिल्ममधलं अंतर वाढलंय, टेपने काम होईल. चढ मध्येच अडखळत असेल, म्हणजे बारीक, बारीक, एकदम मोठा, परत बारीक, तर आत घाण आहे किंवा शाई गेलीय. हा फरक लिहून ठेवा, पॅडगणिक, कारण खोलल्यावर हेच लागणार.

सामान

स्टार स्क्रू ड्रायव्हर दोन मापाचे, चांगल्या टोकाचे, कारण जुन्या स्क्रूचं डोकं एकदा गोल झालं की फार त्रास. चिमटा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, औषधाच्या दुकानातलं सॅनिटायझर नको कारण त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. मायक्रोफायबर कपडा, इअर बड, भांडी घासायचं लिक्विड, काळी पीव्हीसी इन्सुलेशन टेप चांगल्या कंपनीची, एक-दोन ओएचपी शीट म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे कागद, साधा मल्टीमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं एका फेरीत होतं, ओएचपी शीट झेरॉक्सवाल्याकडे मागा. टेप स्वस्तातली घेऊ नका, तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि मग तो फिल्मवर पसरला की काढता येत नाही.

खोलणं

प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मग पॉवरचं बटण एकदा ऑन-ऑफ करा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. पॉवर सप्लाय मशिनच्या आतच आहे, त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो, त्या बोर्डाजवळ बोट न्यायचं कामच नाही आपलं, पॅड त्याच्यापासून लांब आहेत. मशिन उघडी असताना प्लग लावून टेस्ट करायचा मोह होईल. तो करू नका. प्रत्येक वेळी बंद करून, दोन-चार स्क्रू लावून मगच चालू करा, वेळ जातो, जाऊ दे.

मऊ टॉवेल पसरा, मशिन उलटी ठेवताना व्हॉल्यूमचे नॉब आणि डेटा व्हील दबणार नाही असा आधार द्या. स्क्रू काढताना पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मशिनचा चौकोन काढा आणि जिथला स्क्रू तिथेच त्या पुठ्ठ्यात खोचा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर खालच्या बोर्डात घुसतो. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढा, केबलची दिशा दिसेल असा. पॅनेल एकदम ओढू नका, खालून चपट्या केबल जोडलेल्या असतात. काही कनेक्टरला लॉक असतो, तो आधी वर करायचा आणि मग केबल निघते, काहींत नुसतं घट्ट बसवलेलं असतं, तिथे केबलला नाही तर तिच्या मुळाला धरून सरळ ओढायचं, तिरकं नाही. फिल्मची शेपटी सगळ्यात नाजूक, तिला घडी पडली की आतली पट्टी तुटते आणि ती सोल्डर करता येत नाही कारण प्लास्टिकच वितळतं.

पॅडचा पाया सुटला की रबर अलगद निघेल. रबर काढायच्या आधी मागच्या बाजूला मार्करने एका कोपऱ्यावर खूण करा. आता इथे एक फुकटची तपासणी आहे: रबराचे सुटे तुकडे असतील तर मेलेल्या पॅडचा तुकडा चांगल्याच्या जागी ठेवून परत जोडून बघा. दोष रबरासोबत गेला तर रबर, जागेवरच राहिला तर फिल्म. एकसंध असेल तर उलटं फिरवून बसतं का बघा, बसलं तर तीच टेस्ट, आणि नशीब चांगलं असेल तर तेवढ्यानेच झिजलेले पॅड कमी वापराच्या ओळीत जातात.

फिल्म मल्टीमीटरने मोजायची असेल तर शेपटी कनेक्टरमधून काढलेली असताना मोजा. प्रोबचं टोक शेपटीवर हळू टेकवा, खरवडू नका, आणि एक पॅड दाबत दाबत कुठल्या दोन पट्ट्यांवर आकडा हलतो ती जोडी शोधा. मग सोळाही जागा बोटाने सारख्याच दाबत आकडे बघा. नेमका किती आला ह्याला फार अर्थ नाही, सोळांत एकमेकांशी किती जुळतोय ते बघायचं. एखादी जागा कितीही दाबली तरी हलतच नसेल किंवा आकडा नाचत असेल तर त्या जागेची शाई संपलीय, तिथे टेप-बिप लावून काही होणार नाही.

साफसफाई

रबर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून हाताने धुवा. बोटांचं तेल वर्षानुवर्षं बसलेलं असतं, पाणी चहासारखं झालं तर घाबरू नका. पॅडच्या कडा नीट चोळा, कारण पॅनेलच्या खिडकीत घासणारी कड चिकट झाली की पॅड खाली जाऊन वर यायला वेळ लावतो आणि लोकांना वाटतं सेन्सर मंद झालाय. स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत पूर्ण वाळवा, पावसाळ्यात एक रात्र पंख्याखाली. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही. टायरला लावायची चकाकी, सिलिकॉन स्प्रे, तेल, हे पण नाही, पॅड घसरडा होतो आणि ते हळूहळू खाली फिल्मकडे उतरतं. टाल्कम पावडर काही लोक सुचवतात, ती पण नको, आत गेली की फिल्मच्या थरांमध्ये शिरायला तिला एवढीशी वाट पुरते. वरचा खडबडीतपणा जाऊन जो गुळगुळीत डाग पडलाय तो परत येत नाही, सँडपेपर मारून तर रबर फाटकंतुटकं दिसायला लागतं. त्या डागाने वाजण्यात काही फरक पडत नाही, राहू द्या.

पॅनेलच्या खिडक्या इअर बडवर अल्कोहोल घेऊन पुसा. फिल्मचा वरचा भाग नुसत्या कोरड्या मायक्रोफायबरने, फार तर कपडा अल्कोहोलने जेमतेम ओला करून. बाटली फिल्मवर कधीच ओतू नका, अल्कोहोल कडेच्या गोंदात शिरतं, आत जातं आणि शाईला डाग पाडतं. शेपटीची टोकं मात्र बडने नीट पुसा, एकाच दिशेने, आणि कनेक्टरमध्ये केबल दोन-तीनदा घालून काढा म्हणजे कॉन्टॅक्ट घासले जातात. मला विचाराल तर "मेलेला" म्हणून आलेला पॅड एवढ्यानेच उठला असं बऱ्याचदा होतं, म्हणून टेप लावायच्या आधी एकदा सगळं जोडून सेल टाकून बघा आणि चौकटीत नवीन आकडे लिहा. जिथे फरक पडला नाही तिथेच पुढचं काम.

टेप

युक्ती साधी आहे. रबर चपटं झाल्याने जेवढी फट वाढली तेवढीच भरून काढायची. काळ्या टेपचा एक थर साधारण ०.१३ ते ०.१५ मिलिमीटर असतो, आणि इथे तेवढ्यानेच खेळ बदलतो. प्रश्न फक्त हा की लावायची कुठे. रबराला लावून उपयोग नाही, हे रबर सिलिकॉनचं असतं आणि सिलिकॉनला काही चिकटत नाही, आठवड्यात सुटून आत फिरायला लागेल. थेट फिल्मवर लावली तर धरते, पण पुढे कधी काढायची वेळ आली तर टेपसोबत वरचा थर उचलला जाऊ शकतो, म्हणून मी ते करत नाही.

फिल्म पायाला चिकटवलेली नसेल, नुसती ठेवलेली असेल, तर सगळ्यात चांगली जागा म्हणजे तिच्या खालचा पाया. तिथे टेप लावा, फिल्म वरून ठेवा, हवं तेव्हा काढता येते. फिल्म चिकटवलेली असेल तर तिला उचकटायला जाऊ नका, ओएचपी शीट घ्या, पॅडच्या क्षेत्राएवढी कापा, स्क्रूच्या आणि खुंट्यांच्या जागी भोकं पाडा, आणि टेपच्या गोल चकत्या त्या शीटवर लावून ती शीट फिल्म आणि रबराच्या मध्ये ठेवा. शीटची पण स्वतःची जाडी आहे, म्हणून आधी नुसती कोरी शीट ठेवून टेस्ट करा, काही वेळा टेप लागतच नाही. आणि कोऱ्या शीटनेच चांगले पॅड जास्त संवेदनशील झाले तर त्या जागी शीटला गोल खिडकी कापून टाका.

चकती पॅडच्या मापापेक्षा कडेने दोन-तीन मिलिमीटर लहान हवी, फिल्मच्या कडेच्या गोंदावर चढता कामा नये. कारण तो कडेचा भाग दबला की दोन थर कायमचे जवळ येतात आणि पॅड सतत अर्धवट दाबल्यासारखा राहतो. टेप काचेवर किंवा टाईलवर लावून, नाणं किंवा बाटलीचं बूच ठेवून कटरने गोल कापा, चिमट्याने उचला, लावताना हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

एका वेळी एकच थर. हे मी ठासून सांगतोय कारण सगळ्यात जास्त पॅड इथे बिघडतात. एक थर, जोडा, सेल टाका, आकडा लिहा. कमी असेल तर दुसरा थर. सहसा एक किंवा दोनमध्ये होतं, तिसऱ्यावर जायची वेळ आली तर ते रबर बदलायलाच झालंय. आणि लक्ष्य काय ठेवायचं तर तुमच्या मशिनमधला सगळ्यात निरोगी पॅड जो आकडा देतो तो. त्याच्या पाच-सात इकडेतिकडे आला की पुरे. काही लोक सोळाही पॅडला भरमसाट टेप लावून "बघ, फुंकर मारली तरी वाजतो" म्हणून दाखवतात, पण तसा पॅड सगळंच शंभरच्या पुढे वाजवतो, खालचे ४०-५० चे आकडे त्यातून गायब होतात, म्हणजे फुल लेव्हल दाबून ठेवल्यासारखंच झालं की.

जोडणी आणि मग पुन्हा तपासणी

पायाचे स्क्रू कसताना तबल्याचे गट्टे ठोकतो तसं समोरासमोर जायचं, एक इकडचा थोडा, मग त्याच्या समोरचा थोडा, एका बाजूने पूर्ण कसत गेलात की ती बाजू दबते आणि तुमची चौकट पुन्हा तिरकी येते. बोटाने घट्ट वाटला की पाव फेरा, बस. प्लास्टिकच्या खुंटीत शिरणारे स्क्रू तर अजूनच हळू, आधी उलटा फिरवून टक् असा खटका लागेपर्यंत जा म्हणजे जुनाच आटा सापडतो, मग सुलटा फिरवा.

चालू केल्यावर पहिली पाच मिनिटं हात लावू नका. स्वतःहून काही वाजलं तर जाडी जास्त झालीय किंवा स्क्रू जास्त कसलाय. मग एकेक पॅड हलक्या हाताने, मग नोट रिपीट धरून सावकाश दाब, मग सेलवाली चौकट. एक मारला की शेजारचा वाजतो असं होत असेल तर रबर खिडकीत तिरकं बसलंय, किंवा शीट खाली सरकलीय. एक मारला की तोच दोनदा वाजतो असं असेल तर आधी स्क्रू, मग टेपचा एक थर कमी. ज्या मशिनच्या मेनूत पॅडची सेन्सिटिव्हिटी आणि थ्रेशोल्ड (वाजायला कमीत कमी किती जोर लागेल ते) बदलता येतो तिथे ते सगळ्यात शेवटी हलवा. आधी मेनूत वाढवून ठेवलंत तर टेपचा अंदाजच चुकतो.

आकडे जुळले तरी शेवटी हाताने वाजवून बघा. एक साधा बीट घ्या, क्वांटाइझ (मागेपुढे पडलेल्या नोटा आपोआप तालावर बसवणं) बंद, स्नेअर जोरात आणि मध्ये त्याच पॅडवर बोटाच्या टोकाने घोस्ट नोट. दोन्ही वेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी हाताला मुद्दाम काही करावं लागता कामा नये.

शाई गेलेला पॅड

पेन्सिलचं शिसं चोळा, कार्बन पेंट लावा, रिमोट दुरुस्तीचं किट वापरा असे सल्ले मिळतील. रिमोटच्या बटणाला, कीबोर्डच्या रबरी कॉन्टॅक्टला ते चालतं, कारण तिथे फक्त चालू आणि बंद एवढंच हवं असतं. इथे दाबाप्रमाणे रेझिस्टन्स बदलायला हवा आणि ती शाई त्यासाठीच खास बनवलेली असते. वरून पेंट मारलात तर पॅड वाजेल, पण एकाच जोराने वाजेल, शिवाय थर उघडताना कडेचा गोंद जातो तो वेगळाच. अशा वेळी नवीन सेन्सर फिल्म मागवणं हाच उपाय आहे. जुन्या एमपीसीसाठी बाहेरच्या देशांत पार्ट बनवणारे आहेत, मॉडेलचं नाव अचूक देऊन मागवा, २००० आणि २००० एक्सएल एकच समजू नका, आणि कस्टमचा खर्च धरूनच हिशोब करा. रबर फाटलं असेल किंवा टेपचे दोन थर लावूनही पोचत नसेल तर जाड रबराचे पॅड पण मिळतात. ते बसवलेत तर आधी लावलेली सगळी टेप आणि शीट काढून टाका, आणि चौकट नव्याने करा, जुने आकडे त्याला लागू नाहीत.

फिल्म येईपर्यंत तो मेलेला पॅड बाजूला ठेवून काम करता येतं. एमपीसीत ए ते डी अशा चार बँक आहेत, त्या जागचा सॅम्पल दुसऱ्या पॅडवर हलवा आणि वाजवत राहा.

एकदा खोललंच आहे तर पॅडच्या आजूबाजूची बटणं पण दाबून बघा. प्ले किंवा कर्सरचं बटण दोनदा घेत असेल, नाहीतर दाबूनही घेत नसेल, तर आतले छोटे टॅक्ट स्विच गेलेत, पॅडशी त्याचा संबंध नाही. ते काही रुपयांना एक मिळतात पण सोल्डरिंग लागतं, आणि उंची जुन्याएवढीच घ्यावी लागते नाहीतर वरचं बटण अडकून बसतं. सोल्डरिंगचा हात नसेल तर टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या कोणालाही जमेल, बोर्ड काढून त्याच्याकडे न्या, आख्खी मशिन नेऊ नका.

दोन आठवडे रोज वाजवल्यावर एकदा पॅनेलचे स्क्रू परत तपासा, टेपचा गोंद दबून थोडा बसतो आणि एखादा पॅड पाच-दहाने खाली येतो, तेव्हा बहुतेक वेळा स्क्रूचा पाव फेराच पुरतो. पावसाळ्यात मशिन वापरात नसेल तर कव्हर घाला आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा. टेपचे थर कुठल्या पॅडखाली किती आहेत ते त्या चौकटीवरच लिहून चौकट मॅन्युअलमध्ये ठेवा, पुढच्या वेळी खोलताना तिथूनच सुरुवात करता येते.